वॉल्टरच्या आजीचे शब्द

अरुणाताई खांबेटे निवृत्त झाल्या आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांनी कॅनडात बर्नाबीतल्या आपल्या घराचं बेसमेंट चार वेळा आवरलं. चौथ्या खेपेला शशिकांतरावांचे पुलांचे जुने नकाशे रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात गेले, तेव्हा त्यांच्या या यजमानांनी घाबरून मुलीला फोन लावला. ऊर्मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर आली ती सीनिअर्स सेंटरचं माहितीपत्रक घेऊनच.

"मॉम, यू नीड टू गेट आउट ऑफ द हाउस. पिक वन. योगा, ब्रिज, लाइन डान्सिंग, युकलेली."

"शेवटचं काय म्हणालीस?"

"युकलेली. लाइक अ टायनी गिटार. फोर स्ट्रिंग्ज."

अरुणाताईंनी तेच निवडलं. कारण साधं होतं. बाकीच्या तिन्ही ठिकाणी त्यांच्या ओळखीच्या बायका जात होत्या, आणि तिथे सुनांखेरीज दुसरा विषय निघत नसे.

हे २००४ सालचं. अरुणाताई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. पुण्यात त्यांनी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, वर्गात एकटी मुलगी. १९६९ मध्ये लग्न होऊन इकडे आल्या, तेव्हा ब्रिटिश कोलंबिया हा खाणींचा प्रांत म्हणून त्यांना आनंदच झाला होता. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "डोंगरातल्या कॅम्पात बायकांसाठी वॉशरूम नाही. तुम्हाला ठेवायचं कुठे?" अशा चार मुलाखती झाल्या. मग त्यांनी रस्तेबांधणीची खडी आणि माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि एकोणतीस वर्षं चाळण्या हलवल्या. पण तिथेही त्यांनी असा लौकिक कमावला की त्यांची सही असलेला अहवाल कुणी पुन्हा तपासत नसे. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हा त्यांचा नियम. घरातल्या डाळीलाही तो लागू होता.

युकलेलीचा वर्ग मंगळवारी सकाळी असे. शिकवणारी मुलगी तरतरीत होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, की या वाद्याचं नाव हवाई बेटांवरच्या भाषेतलं आहे. तिथे त्याला 'उकुलेले' म्हणतात. उकु म्हणजे पिसू आणि लेले म्हणजे उडी मारणं. वाजवणाऱ्याची बोटं तारांवरून पिसवांसारखी टुणटुण उड्या मारतात, म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगतात.

अरुणाताईंच्या शेजारी वॉल्टर कीलर नावाचे गृहस्थ बसत. वय शहात्तर, गडद तपकिरी रंग, पांढरे कुरळे केस, आणि पंजे एवढे मोठे की वाद्य त्यांत दिसेनासं होई. फ्रेझर नदीकाठच्या लाकडाच्या गिरणीत त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. एकदा गाणं संपलं, त्यांनी युकलेली मांडीवर ठेवली आणि स्वतःशीच म्हणाले, "पाऊ."

"काय म्हणालात?" अरुणाताईंनी विचारलं.

वॉल्टर हसले. "संपलं. माझी आजी म्हणायची. जेवण झालं की आमच्या रिकाम्या ताटल्या बघायची आणि म्हणायची, पाऊ. आम्ही तिला टूटू म्हणायचो. आम्हा पोरांसाठी ती असलं काहीतरी बोबडं बोलायची."

"आणखी काय बोलायची?"

"मोज्याला भोक पडलं की पुका. पोट दुखलं की ओपू. आणि रात्री आम्हाला झोपायला पिटाळताना मोएमोए."

अरुणाताईंचा हात तारांवरच थांबला. मोएमोए. पुण्याला एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी त्यांना लाव्हारसाचे दोन प्रकार शिकवले होते. संथ वाहून गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या घेऊन थिजतो तो पाहोएहोए, आणि खडबडीत, धारदार ढेकळांचा तो आआ. सह्याद्रीचा काळा दगड जगभर ज्या शब्दांनी ओळखला जातो ते शब्द हवाईतले, हे तेव्हा त्यांना फार नवलाचं वाटलं होतं. व्यंजनं थोडी, स्वर भरपूर, आणि तुकडा दोनदा म्हणायची ती ढब त्यांच्या कानात चाळीस वर्षं बसली होती. या चार शब्दांची जातकुळी तीच वाटत होती. पण चार नमुने पुरेसे नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "तुमचं घराणं मूळचं कुठलं?"

"पोर्तुगीज," वॉल्टर म्हणाले. "पणजोबा खलाशी होते. डोलोरेस, माझी थोरली बहीण, असंच सांगते."

घरी आल्यावर जेवताना त्यांनी हे शशिकांतरावांच्या कानावर घातलं.

"मग झालं तर!" शशिकांतराव म्हणाले. "पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणला. म्हातारी पाव मागत असणार."

"अहो, पाव संपल्यावर म्हणायची ती पाऊ. मागताना नव्हे."

"मग आणखी मागत असेल."

अरुणाताईंनी त्यांच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली आणि विषय थांबवला.

पुढच्या मंगळवारी वॉल्टरना आणखी एक शब्द आठवला. शाळेला उशीर होत असला की टूटू दारात उभी राहून टाळ्या वाजवायची आणि ओरडायची, "विकीविकी!" रविवारी ऊर्मी आणि जावई निमिष जेवायला आले होते. निमिष नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. अरुणाताईंनी आमटी वाढता वाढता सहज तो शब्द उच्चारला.

"आई, हा तर आमचा शब्द झाला!" निमिष म्हणाला. "आमच्या ऑफिसात सगळं डॉक्युमेंटेशन विकीवर असतं. ज्यानं पहिला विकी बनवला त्यानं एअरपोर्टवरच्या एका बसवरून नाव उचललं. विकी विकी म्हणजे झटपट."

"कुठल्या एअरपोर्टवरच्या?"

"होनोलुलू. हवाई."

अरुणाताईंनी पळी पातेल्यात ठेवली. आता नमुने पाच झाले होते.

सोमवारी त्या लायब्ररीत गेल्या आणि हवाई भाषेचा जाडजूड शब्दकोश दुसऱ्या गावाहून मागवून घेतला. तो यायला दोन आठवडे लागले. आल्या दिवशी त्या लायब्ररीतच खिडकीशी बसल्या आणि एकेक शब्द काढत गेल्या. पाऊ, संपलेलं. पुका, भोक. ओपू, पोट. मोएमोए, झोपणं. विकीविकी, लवकर. शेवटी त्यांनी टूटू काढला. त्यापुढे लिहिलं होतं, आजी किंवा आजोबा.

मंगळवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी त्या पानांच्या प्रती वॉल्टरसमोर ठेवल्या. वॉल्टरनी चष्मा लावला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे ती बोबडं बोलत नव्हती," ते म्हणाले.

"नाही. ती तिच्या भाषेत बोलत होती."

"आणि आम्ही हसायचो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरुणा, हे सगळं कसं झालं ते मला कळायला हवं. मला आता फार वर्षं नाहीत."

"कळेल," अरुणाताई म्हणाल्या. पुढची तीन वर्षं या शब्दांमागे जाणार आहेत, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

इतिहासाचा मोठा धागा लायब्ररीतच सापडला. एकोणिसाव्या शतकात फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीची जहाजं हवाई बेटांवर पाणी भरायला थांबत. तिथून तरुण माणसं कराराने घेत आणि फ्रेझर नदीवरच्या ठाण्यांवर कामाला आणत. करार संपल्यावर कित्येक जण परत गेलेच नाहीत. त्यांनी इथल्या आदिवासी बायकांशी लग्नं केली, बेटांवर शेतं केली, फळबागा लावल्या. या लोकांना सगळे 'कनाका' म्हणत. मेपल रिजला कनाका क्रीक नावाचा ओढा आहे. वॉल्टर पोरवयात तिथे मासे धरायला जात आणि त्या नावाचा आपल्याशी काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

आणि इथेच अरुणाताई चुकल्या.

डोलोरेस न्यू वेस्टमिन्स्टरला एका अपार्टमेंटमध्ये एकट्या राहत. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, गळ्यात मोत्यांची माळ. वॉल्टर अरुणाताईंना त्यांच्याकडे चहाला घेऊन गेले. अरुणाताईंनी फाइल नेली होती. कप खाली ठेवायच्या आत त्यांनी फाइल उघडली आणि उत्साहाने म्हणाल्या, "तुम्ही पोर्तुगीज नाही. तुम्ही कनाका आहात!"

डोलोरेसनी हातातला कप खाली ठेवला. त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

"हा शब्द माझ्या घरात उच्चारायचा नाही," त्या म्हणाल्या. "वॉल्टर, यांना घेऊन जा."

गाडीत बसल्यावर वॉल्टरनी सांगितलं. शाळेत पोरं डोलोरेसच्या मागे 'डर्टी कनाका' म्हणून ओरडत धावायची. एकदा त्यांनी तिची वेणी डांबरात बुडवली. आईला ती मुळापासून कापावी लागली. त्या दिवसापासून घरात ठरलं, विचारलं तर पोर्तुगीज सांगायचं. डोलोरेस सहा वर्षांच्या वॉल्टरला हाताशी धरून शाळेत न्यायची आणि वाटेत त्याच्याकडून रोज वदवून घ्यायची, आपण पोर्तुगीज, आपण पोर्तुगीज.

"मला कुणी कधी चिडवलं नाही," वॉल्टर म्हणाले. "तिनं होऊच दिलं नाही."

अरुणाताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दोन मंगळवार त्या वर्गाला गेल्या नाहीत. बेसमेंटही आवरलं नाही, तेव्हा शशिकांतराव काळजीत पडले.

"सोडून दे आता. लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत."

"मी घाई केली, हे कबूल. त्यांना विचारायला हवं होतं. पण अहो, त्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेलाच नाही. मला तरी कुठे माहीत होता? आज शब्दकोशात पाहिला."

"मग आता?"

"मग आता जाऊन सांगते. माफी आधी मागते."

"बाहेर काढलं तर?"

"तर पुन्हा जाईन."

त्या स्कायट्रेनने एकट्याच गेल्या. डोलोरेसनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. चार बोटांच्या फटीतून एक डोळा आणि मोत्यांची माळ एवढंच दिसत होतं.

"मी माफी मागायला आले," अरुणाताई म्हणाल्या. "त्या शब्दानं तुम्हाला काय सोसावं लागलं ते मला माहीत नव्हतं. मी तो असा तोंडावर फेकायला नको होता."

"ठीक आहे. गुड डे."

"एक मिनिट द्या. शब्दकोशातली एक ओळ वाचते आणि जाते. मग मी पुन्हा येणार नाही."

दार बंद झालं नाही. अरुणाताईंनी पर्समधून कागद काढला. "त्या लोकांच्या भाषेत कनाका म्हणजे मानव. माणूस."

"आणि?"

"आणि काही नाही. माणूस."

फटीतला डोळा हलला नाही. "मग ती पोरं माझ्या मागे ओरडायची ते..."

"त्यांनाही अर्थ माहीत नव्हता. त्यांनी आपली घाण त्या शब्दाला लावली होती. टूटूच्या तोंडी तो शब्द तसा नसणार."

डोलोरेसनी फटीतून हात बाहेर काढला, कागद घेतला आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी फोन वाजला.

"मिसेस खांबेटे," पलीकडून आवाज आला, "टूटूच्या थडग्यावर नाव नाही. लाकडी क्रूस होता, तो केव्हाच कुजला. आणि कीलर हे आमचं नाव नव्हे. ती वेगळं म्हणायची. मला ते नीट आठवत नाही. तुम्ही शोधून काढाल?"

"काढीन," अरुणाताई म्हणाल्या.

टूटू गल्फ आयलंड्समधल्या एका छोट्या बेटावर, चर्चमागच्या दफनभूमीत होती. अरुणाताईंनी चर्चला पत्र लिहिलं. उत्तर आलं की जुनी वह्यापुस्तकं इथे नाहीत. दुसरं पत्र, तिसरं पत्र. आठ महिन्यांनी कळलं की नोंदवह्या व्हिक्टोरियाला एका संग्रहात आहेत आणि त्या फक्त गुरुवारी बघायला मिळतात. मग २००५ च्या हिवाळ्यापासून शशिकांतराव गाडीला विंटर टायर्स लावून दर पंधरवड्याच्या गुरुवारी बायकोला फेरीबोटीच्या धक्क्यावर सोडायला लागले. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि खडीचे कण तपासायचं जुनं भिंग. अक्षर पाद्र्याचं, भाषा कधी फ्रेंच, कधी लॅटिन, शाई तपकिरी होऊन विरलेली. त्यांनी फ्रेंचचं छोटं व्याकरण आणलं आणि बोटीवर बसून वाचू लागल्या.

अकराव्या गुरुवारी ती नोंद सापडली. १८८९ सालचं लग्न. वर, केआला. वधू, मेरी. वधूचा बाप हवाई बेटांचा, आई याच किनाऱ्यावरची. पुढच्या वह्यांमधून अरुणाताई त्या नावाच्या मागे चालत गेल्या. पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला ते 'कीअलर' झालं होतं. आणि १९०३ मध्ये कुण्या लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं, किंवा त्याला सोपं पडलं तसं, 'कीलर' लिहून टाकलं होतं. तिथून पुढे कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं.

डोलोरेसनी नोंदीची प्रत हातात घेतली. ओठ हलवत पुटपुटल्या आणि एकदम मान वर केली. "के अला. मधे थांबून. असंच म्हणायची ती! मी शाळेत तसं सांगितलं तर बाई म्हणाल्या, असं नाव नसतं."

"असतं," अरुणाताई म्हणाल्या. "के हे त्यांच्या भाषेत नामाआधी लागतं. अला म्हणजे वाट."

"वाट," वॉल्टर म्हणाले. आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "वाट."

दगड बसवायचा ठरला तेव्हा नवीन अडचण निघाली. दफनभूमीच्या समितीचं म्हणणं, आमच्या यादीत इथे मेरी कीलर पुरली आहे. केआला कोण? दोन्ही बाया एकच कशावरून? समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "अशा कौटुंबिक दंतकथा खूप असतात, मॅडम."

ही भाषा अरुणाताईंच्या ओळखीची होती. त्यांनी टेबल मोकळं केलं आणि एकोणतीस वर्षं लिहिला तसा अहवाल लिहिला. प्रत्येक नोंदीची प्रत, तारीख, अक्षर बदललं ते ठिकाण, मुलांची वयं, साक्षीदारांची नावं. समितीनं तो 'अपुरा' म्हणून परत पाठवला. त्यांनी आणखी दोन गुरुवार घालवले, मृत्यूची नोंद मिळवली आणि अहवाल पुन्हा धाडला. या वेळी शेवटी डोलोरेसचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान होतं. १९३८ च्या नोव्हेंबरात आजीला कुठे पुरलं, कोणत्या झाडापासून किती पावलांवर, आणि आपण तेव्हा सोळा वर्षांच्या होतो. महिन्याभरात परवानगीचं पत्र आलं.

२००७ च्या जुलैत सगळे बोटीनं बेटावर गेले. डोलोरेस वॉकर घेऊन, गवतातून, कुणाचा हात न धरता. दगड साधा होता. मेरी केआला, आणि खाली टूटू. वॉल्टरनी युकलेलीवर एक संथ चाल वाजवली. मधे दोनदा चुकले, पण थांबले नाहीत.

समितीचे अध्यक्षही आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यानं टोपी काढली आणि डोलोरेसना अदबीनं विचारलं, "आपले पूर्वज नेमके कोण होते म्हणायचे?"



"कनाका," डोलोरेस म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "अर्थ माहीत नसेल तर या बाईंना विचारा. त्यांच्याकडे शब्दकोश आहे."

परतताना बोटीच्या डेकवर त्या रेलिंगला धरून उभ्या होत्या. वारा त्यांचे विरळ केस उडवत होता. अरुणाताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पाण्याकडे बघत डोलोरेस म्हणाल्या, "मला वॉल्टरपेक्षा जास्त शब्द येतात. मी मोठी होते. सत्तर वर्षं तोंडातून काढले नाहीत, पण येतात."

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी अरुणाताई न्यू वेस्टमिन्स्टरला जाऊ लागल्या. साखळी आधीच काढलेली असे. डोलोरेस डोळे मिटून बसत, टूटूचं स्वयंपाकघर आठवत आणि एकेक शब्द सांगत. अरुणाताई ते देवनागरीत उतरवून घेत, कारण इंग्रजीत त्यांचे स्वर नीट धरता येत नव्हते. दोन वर्षांत एक्केचाळीस शब्द झाले. तेहेतीस शब्दकोशात सापडले. आठ कुठेच बसेनात. त्यांचा घाटच वेगळा होता, घशातून येणारा, व्यंजनांवर व्यंजनं चढलेला.

वॉल्टर २०१० च्या वसंतात झोपेतच गेले. त्यांच्या शोकपत्रात डोलोरेसनी आडनाव 'केआला' छापून घेतलं आणि कीलर कंसात टाकलं.

आठ शब्दांचं कोडं काही अरुणाताईंना स्वस्थ बसू देईना. एक दिवस त्यांनी ती १८८९ ची नोंद पुन्हा काढली. वधूची आई याच किनाऱ्यावरची. म्हणजे टूटूनं दोन भाषा पाळल्या होत्या, बापाची आणि आईची. अरुणाताईंनी किनाऱ्यावरच्या आदिवासी भाषा शिकवणाऱ्या एका वृद्ध शिक्षिकेचा पत्ता मिळवला आणि पत्र टाकलं. उत्तर आलं. या, पण वेळ लागेल, घाई चालणार नाही.

"किती वेळ लागेल?" शशिकांतरावांनी गाडीची किल्ली शोधत विचारलं.

"लागेल तेवढा," अरुणाताई म्हणाल्या आणि पायांत बूट चढवले. त्या वर्षी त्यांना सदुसष्टावं लागलं होतं.